सावकाश वन्सं आणि घाईचं सर्किट

माझ्या नणंदेला कुणी घाई करताना पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं, मी त्याचं तोंड गोड करीन. मी तिला वन्सं म्हणते. माझ्या यजमानांची ती थोरली बहीण, लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहते. चहा पिते तो निवल्यावर. जिना उतरताना मध्येच थांबून विचार करते. चुलतभावाच्या लग्नाला पोचली तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालून रचत होते. तिथल्याच एका खुर्चीवर बसून ती म्हणाली, "चला, आता निवांत बोलता येईल."

यजमान तिला गोगलगाय म्हणतात. लहानपणापासून. तिला त्याचं काही वाटत नाही.

आणि या बाईचं काम काय, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात जुळणारी सर्किटं बनवणं! देवाला विनोद कळतो यावर माझा विश्वास आहे तो असाच नाही.

तिचं काम मला समजायला सहा वर्षं लागली. मी मराठी शाळेतली, विज्ञान दहावीला सोडलं. पण तिने एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं ते डोक्यात बसलं. वायरलेस सेटात एक स्फटिक असतो. तो ठरलेले ठोके देत राहतो, शाळेच्या कवायतीतल्या ढोलासारखे. त्याच सेटात दुसरा एक दोलक असतो, तो खूप जलद चालतो पण स्वभावाने उंडगा, मन मानेल तसा पुढे-मागे होणारा. मग मध्ये एक मोजणारा बसवायचा. त्याने उंडग्याची पावलं मोजायची, ढोलाशी ताडून बघायची आणि मागे पडला तर "जोरात", पुढे गेला तर "हळू" असं सांगत राहायचं. सांगता सांगता पाऊल जुळतं. जुळलं की त्याला ही मंडळी लॉक झालं म्हणतात. मगच सेटावर नीट बोलता-ऐकता येतं.

"मग अवघड काय त्यात?" मी विचारलं होतं.

"फार रागावून सांगितलं तर तो पुढे-मागे हेलकावत बसतो. फार प्रेमाने सांगितलं तर जुळायला वेळ लावतो. पोरं वाढवल्यासारखंच आहे, वहिनी. फक्त इथे पोर हजारांश सेकंदात सुधारायला हवं."

सव्वीस वर्षं ती एकाच कारखान्यात आहे. कारखाना म्हणजे तरी काय, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि बारा माणसं. खाली छापखाना, त्यामुळे दुपारभर जमीन बारीक थरथरते. पहिल्या खोलीत डाखवाले काका आणि त्यांच्या दोन बाया सर्किटाच्या पट्ट्यांवर सुटे भाग बसवून डाख देतात. त्या धुराचा वास वन्संच्या ओढणीला घरी येईपर्यंत असतो. मधल्या खोलीत खोकी. शेवटच्या खोलीत खिडकीशी वन्संचं टेबल. त्यावर हिरवं रबर अंथरलेलं, एक जुना स्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणि एक जाड वही. तिला तिथे नोकरीला ठेवलं ते मोठ्या मालकांनी. आता त्यांचा मुलगा मालक आहे. वन्संपेक्षा लहान, पण टक्कल आधी पडलं. तो तिला बाई म्हणतो आणि थोडा बिचकून असतो.

तर रुग्णवाहिकांचं काम आलं तेव्हाची ही गोष्ट.

रुग्णवाहिकांमध्ये जे जुने सेट होते त्यांची खोड अशी, की चालू केल्यावर जुळायला त्यांना वेळ लागायचा आणि समोरच्याचा पहिला शब्द गिळला जायचा. नियंत्रण कक्षातून सांगणार, "तीन नंबरच्या फाटकाने आत या," आणि गाडीत ऐकू येणार, "नंबरच्या फाटकाने आत या." मग गाडी आपली फाटकं मोजत हिंडते. वन्संनी वर्षभर खपून नवा सेट तयार केला. तो चालू करताच चार हजारांश सेकंदात जुळायचा. एक अक्षर गळत नव्हतं.

मालकांनी मात्र आधीच बजावून ठेवलं होतं. "बाई, मनाला लावून घेऊ नका, पण हे शेवटचं. यात पास झालो तर आपण आपली सर्किटं करत राहू. नाहीतर ती पट्टी बाहेरून तयार आणायची आणि आपण नुसती डब्यात बसवायची. सगळे तेच करतात."

म्हणजे वन्संचं टेबल जाणार. तिला कामावरून काढलं नसतं, पण मधल्या खोलीत खोकी तपासायला बसवलं असतं. घरी हे सांगताना ती चहात बोट घालून तो निवला का बघत होती, आणि बोट काढायचं विसरली. तेव्हा मला कळलं की हिला लागलंय.

पहिली चाचणी रुग्णवाहिकांच्या आवारात झाली. तिथले वाहनप्रमुख कागद घेऊन उभे, आणि सेट हाताळायला एक ड्रायव्हरबाई. उंच, खणखणीत आवाजाची. तिने सेट चालू केला, बोलली, बंद केला. असं दहा वेळा छान झालं. अकराव्या वेळी सेट नुसता खरखरला. परत बंद-चालू, परत खरखर. तिसऱ्यांदाही तेच.

"मेला वाटतं," ड्रायव्हरबाई म्हणाली.

ती चहा पिऊन आली आणि तिने सेट पुन्हा चालू केला, तर हा आपला साळसूद! जसं काही झालंच नव्हतं.

वाहनप्रमुख भले माणूस. म्हणाले, "मॅडम, पुढच्या शुक्रवारी परत या. पन्नास वेळा चालू-बंद करणार. एकदा जरी अडला तरी मी सही करणार नाही. माझ्या गाडीत माणसं असतात."

मालकांनी परतीच्या वाटेवरच फोन काढला आणि तयार पट्ट्यांचा नमुन्याचा खोका मागवला. वन्संच्या शेजारी बसून. वाईट माणूस नाही तो, पण पोच कमी.

नंतरचे दोन दिवस वन्संनी टेबलावर सेट चालू-बंद केला, मोजून दोनशे वेळा. एकदाही अडला नाही. मी डबा घेऊन गेले तेव्हा ती एकशे ब्याऐंशीवर होती. मी स्टुलावर बसून बघत राहिले. सेट बंद करायची. वहीत आकडा लिहायची. चष्मा काढून ओढणीने पुसायची, उजेडाकडे धरून बघायची, परत घालायची. मग सेट चालू. पडद्यावर लाट सरळ व्हायची. परत बंद, परत वही, परत चष्मा.

"वन्सं, चांगला चालतोय की!" मी म्हटलं.

"तेच तर वाईट आहे," ती म्हणाली. "इथे अडला असता तर धरला असता. हा बाहेर उनाडक्या करतो आणि घरात आला की शुभंकरोती म्हणतो."

संध्याकाळी जेवताना यजमानांनी नेहमीचं सुरू केलं. "ताई, तुझ्या सेटाला तुझी सवय झालीय. त्याला वाटतं सगळं जग असंच दमादमाने चालतं."

मी डोळे वटारले. वन्संनी मात्र घास तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय झालं?" ते घाबरून म्हणाले. "गंमत केली गं."

"काही नाही. तू जेव."

सोमवारी ती कारखान्यात गेलीच नाही. सरळ रुग्णवाहिकांच्या आवारात गेली आणि त्या ड्रायव्हरबाईला म्हणाली, "मला तुमच्या गाडीत बसू द्या. मी काही विचारणार नाही." परवानगीला वाहनप्रमुखांनी अर्धा तास घेतला. मग वन्सं दुपारपर्यंत पुढच्या सीटवर बसून होती. संध्याकाळी घरी येऊन तिने जे वर्णन केलं ते ऐकून आम्ही हसून लोळलो. ड्रायव्हरबाई एका हाताने चाक फिरवते, दुसऱ्या हाताने सेट. उत्तर आलं नाही की लगेच बंद-चालू, बंद-चालू, दाराची कडी वाजवावी तसं. तरी नाही आलं तर सेटाला एक चापट. "बोल की रे बाबा, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?" हे सेटाला.

"आणि मी?" वन्सं म्हणाली. "मी चष्मा पुसत होते."

मंगळवारी तिने ड्रायव्हरबाईलाच कारखान्यात बोलावलं. मीही गेले, डब्याचं निमित्त करून. खरं सांगायचं तर मला राहवेना. ड्रायव्हरबाई आली ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत. डाखवाले काका हातातली डाखाची तार तशीच धरून बघत राहिले.

"बसा," वन्सं म्हणाली. "तुमच्या गाडीत करता तसं करा. मला अजिबात मान देऊ नका."

"नक्की? मग मोडलं तर भरपाई मागू नका हो."

खटक-खटक, खटक-खटक. सहाव्या झटक्याला पडद्यावरची लाट वर गेली आणि वरच अडकली. सेट खरखरायला लागला. वन्सं खुर्चीतून उठली. मी तिला इतक्या पटकन उठताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"धरला!" ती म्हणाली आणि ड्रायव्हरबाईच्या पाठीवर थाप मारली.

"मी काय केलं?" ती चकित.

"जे मी वर्षभर केलं नाही ते."

मग तिने आम्हा दोघींना समजावलं. उंडग्याला जोरात-हळू सांगायचं ते विजेच्या दाबाने, आणि तो दाब एका कपॅसिटरमध्ये साठतो, छोट्या टाकीत पाणी साठावं तसा. सेट बंद केला की टाकी आपोआप रिकामी होते, पण त्याला चार-पाच सेकंद लागतात. वहीत आकडा लिहून चष्मा पुसेपर्यंत ती रिकामी झालेली असायची. ड्रायव्हरबाईच्या हाताखाली ती भरलेलीच राहायची, मग उंडगा पहिल्या पावलापासूनच सुसाट सुटायचा.

"सुटला तर सुटला," मी म्हटलं, "तुमचा तो मोजणारा आहे ना? त्याने सांगायचं, हळू."

"तिथेच गोम आहे. वहिनी, तू दोरीवरच्या उड्या मोजल्यास कधी? पोरगी फार जोरात मारायला लागली तर काय होतं?"

"मोजायच्या राहतात मधल्या."

"बरोबर. शंभर मारल्या तर तू मोजतेस पन्नास. आणि पन्नासच झाल्या म्हणून तिला काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "जोरात मार!"

"झालं. ती अजून जोरात. तू अजून कमी मोजणार. तू अजून ओरडणार. दोघी अडकल्या."

ड्रायव्हरबाई खो खो हसली. "आमच्या साहेबांचं अगदी असंच आहे," ती म्हणाली.

हसणं ऐकून मालक आत आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "मग सोपंच आहे की बाई! सेटावर एक चिठ्ठी चिकटवू. बंद केल्यावर पाच सेकंद थांबून मगच चालू करावे. लाल अक्षरात. झालं काम."

वन्संनी ड्रायव्हरबाईकडे पाहिलं. ड्रायव्हरबाई म्हणाली, "मागे बाळंतीण ओरडत असते, साहेब. मी चिठ्ठी वाचू?"

"नाही, म्हणजे, शुक्रवार तीन दिवसांवर आलाय," मालक म्हणाले. "आता नवीन काही घालायचं आणि त्यानेच अडलं तर?"

त्यांची भीती खोटी नव्हती. चिठ्ठी लावली असती तर वाहनप्रमुखांनी कदाचित चालवूनही घेतली असती. मग टेबल वाचलं असतं. मी बघत होते वन्संकडे. तिने चष्मा काढला, आणि न पुसता परत घातला.

"चूक सेटाची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "मी सगळं जग माझ्यासारखं आहे असं धरून चालले. आता माझी चूक यांनी वाचत बसायची का?"

तिने दोन गोष्टी केल्या. एक, सेट बंद होताच टाकीचा तळ उघडेल असा निचरा. दुसरी, लगाम. उंडग्याला मोजणाऱ्याच्या आवाक्याबाहेर पळताच येऊ नये म्हणून दाबावर एक मर्यादा. दोन्ही मिळून चार सुटे भाग, तांदळाच्या दाण्याएवढे. डाखवाले काकांनी ते भिंगाखाली बसवले आणि म्हणाले, "एवढ्याशासाठी एवढा गोंधळ?"

आता तपासायला घाईचा माणूस हवा होता. ड्रायव्हरबाई कामावर गेलेली. वन्संनी घरी येऊन यजमानांना विचारलं, "उद्या सुट्टी घेशील?"

"कशाला?"

"तुझ्याइतका उतावळा माणूस माझ्या ओळखीत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाच्या उतावळेपणाला कुणी मागणी घातली होती. मोठ्या ऐटीत गेले. लिफ्ट येत नाही म्हणून बटण वीसदा दाबणारे ते, त्यांनी दिवसभर खटक-खटक केलं. हजार वेळा. उजवा अंगठा दुखला तेव्हा डाव्याने. वन्सं वहीत रेघा मारत होती आणि मध्येच म्हणायची, "अजून वाईट कर. कमी मन लावून कर." संध्याकाळी ते अंगठ्याला पट्टी बांधून आले आणि आठवडाभर ती पट्टी लोकांना दाखवत हिंडले. सेट एकदाही अडला नव्हता.

गुरुवारी वन्सं देवघरापाशी येऊन उभी राहिली. ती सहसा येत नाही, तिचा देव वहीत असतो. मी माळ घेऊन बसले होते.

"वहिनी, उद्याचं सांगणार आहेस ना त्याला?"

"सांगणार तर."

"मग नीट आकडा सांग. पन्नास वेळा. नाहीतर आपलं मोघम सांगशील, सगळं चांगलं होऊ दे म्हणून."

मी आकडा सांगितला. आणि तिच्या मागे हेही सांगितलं, की नाहीच झालं तर हिला मधल्या खोलीत हसता येऊ दे. नामस्मरण करताना माझं मन दहादा पळतं आणि दहादा परत आणून बसवावं लागतं. पळालेलं मन रागावून येत नाही, लाडावूनही येत नाही, एवढं मलाही कळलंय. वन्सं सव्वीस वर्षं तेच तर करतेय, असं त्या दिवशी वाटलं.

शुक्रवारी आवारात सगळे जमलो. ड्रायव्हरबाईने बाह्या सरसावल्या. वाहनप्रमुख कागदावर रेघा मारत होते. दहा, वीस, तीस. चौतिसाव्याला आवाज आला नाही.

मालकांनी डोळेच मिटले. वन्संनी कान दिला, खरखर नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, समोरच्याने बोलायला हवं ना."

नियंत्रण कक्षातला माणूस शिंकत होता. "माफ करा, माफ करा," सेटातून खणखणीत आलं. पहिल्या "मा"सकट.

पन्नास झाले. ड्रायव्हरबाईने आपल्या मनाने आणखी दहा केले, आणि शेवटी सेटाला एक चापट. सेट बोलतच राहिला. वाहनप्रमुखांनी सही केली आणि सगळ्या गाड्यांना हेच सेट लागतील असं खाली लिहून दिलं.

कारखान्यात परतलो तर दारात तो खोका आलेला. तयार पट्ट्या, वीस. मालक ओशाळले. "परत पाठवतो, बाई. आता काय करायच्यात?"

"थांबा," वन्सं म्हणाली. "एक लावून बघू द्या."

मी मनात म्हटलं, अगं बाई, झालं ते झालं, आता कशाला विंचवाच्या बिळात बोट? पण ऐकेल ती वन्सं कसली. तिने पट्टी जोडली, खटक-खटक केलं, पडद्यावर पाहिलं. परत केलं. मग मालकांना हाक मारली.

"ही माझ्यापेक्षा निम्म्या वेळात जुळते," ती म्हणाली. "आणि अडत नाही."

मालक एकदा पट्टीकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. "हे तुम्ही मला कशाला सांगताय?" ते शेवटी म्हणाले.

"खरं आहे म्हणून. आता हे कानाला लावा."

मालकांनी रिसीव्हर कानाला लावला. मग माझ्याकडे दिला. आवाजाच्या मागे सतत एक बारीक सूं ऐकू येत होतं, दारातून वारा यावा तसं. मग वन्संच्या सेटाचा लावला. तो स्वच्छ.

"घाई केल्याची किंमत," वन्सं म्हणाली. "पळत पोचते, पण पोचल्यावरही धापा टाकत राहते. माझी उशिरा पोचते, पण गप बसते."

"म्हणजे आपलीच चांगली!" मालक म्हणाले.

"अर्धी. त्यांची अर्धी चांगली, आपली अर्धी. आधी पळायचं आणि पाऊल जुळलं की चालायला लागायचं, असं दोन्ही एकाच पट्टीत बसवता येईल. मला वाटतं येईल."

"किती दिवस लागतील?"

"चार महिने."

"बाई!"

"बरं, पाच."

मालकांनी कपाळाला हात लावला, पण हसत होते. खोका बांधायला दोरी शोधायला ते मधल्या खोलीत गेले. परत येऊन त्यांनी पट्ट्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"एकोणीसच आहेत."

"असू देत," खिडकीशी वाकलेल्या वन्संनी मान वर न करता सांगितलं. तिने पट्टीचा एक सुटा भाग चिमट्याने उचललाही होता. "ती विसावी मला लागणार आहे."